पेमेंट कंपनीचं दुसरं डेटा सेंटर गोव्यात काढावं का?

प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. फोंड्याचे एक गृहस्थ एका पेमेंट प्रोसेसिंग कंपनीची इन्फ्रा टीम सांभाळतात. कंपनीचं डेटा सेंटर नवी मुंबईत, भाड्याच्या जागेत आहे. मालक मूळचे गोव्याचे, त्यामुळे दुसरं डेटा सेंटर गोव्यातच हवं, तेही वेर्णा औद्योगिक वसाहतीत स्वतःच्या प्लॉटवर बांधलेलं. सर्व्हरची दहा-बारा कपाटं, म्हणजे रॅक, साधारण शंभर किलोवॅट. अहवाल ह्या गृहस्थांनी द्यायचा आहे. गोव्यात हे जमेल का, आणि प्लॉटची बोलणी पुढे नेण्याआधी काय बघावं, असं ते विचारतात.

जमेल. पण मालकांच्या डोक्यात जसं आहे तसं मी करणार नाही. बावीस वर्षं ह्या कामात आहे. निम्मी मुंबईत पेमेंट स्विचच्या, म्हणजे व्यवहार बँकांकडे वळवणाऱ्या यंत्रणेच्या, रात्रपाळ्यांत गेली, उरलेली गोव्यात. दोन्हीकडच्या खोड्या थोड्याफार ठाऊक आहेत, त्यावरून सांगतो.

तुम्ही जागेबद्दल विचारलंय. त्याआधी एक गोष्ट मालकांकडून कागदावर घ्या: एखाद्या मंगळवारी सकाळी अकराला नवी मुंबई बंद पडली, तर गोव्यातून किती वेळ धंदा चालवायचा आहे? चाळीस मिनिटं की दहा दिवस? बहुतेक कंपन्या तयारी चाळीस मिनिटांची करतात आणि भरवसा दहा दिवसांचा धरतात. इमारत बांधली, जनरेटर बसवला, कूलिंग लावलं की आता आपलं दुसरं घर झालं असं वाटायला लागतं. त्या घरात एक रात्र कोणी झोपलेलं नसतं.

सिंगापूरचं बघा. १४ ऑक्टोबर २०२३ ला तिथल्या एका डेटा सेंटरमध्ये ठरवून हाती घेतलेलं काम चालू होतं. कंत्राटदाराकडून थंड पाण्याच्या टाक्यांचे व्हॉल्व्ह बंद करण्याचा चुकीचा आदेश यंत्रणेला गेला आणि हॉल तापला. डीबीएस आणि सिटीबँक ह्या दोघांची यंत्रणा तिथे होती. दोघांकडे दुसरं डेटा सेंटर होतं आणि दोघांनी लगेच ते चालू करायला घेतलं. डीबीएसचं तिथलं नेटवर्क कॉन्फिगरेशन चुकलेलं निघालं, सिटीला जोडणीच नीट मिळेना. पेमेंट आणि एटीएमचे मिळून सुमारे २५ लाख व्यवहार अडले. पैसा, माणसं, ऑडिट, कशाचीच कमी नसलेल्या बँका होत्या ह्या. आपल्याकडे २१ नोव्हेंबर २०२० ला एचडीएफसी बँकेच्या मुख्य डेटा सेंटरमध्ये वीज गेली. २ डिसेंबरला रिझर्व्ह बँकेचा आदेश आला, की नवीन डिजिटल सेवा आणू नका आणि नवीन क्रेडिट कार्डं देऊ नका. आधीच्या दोन वर्षांतल्या बिघाडांचा हिशोबही त्यात धरला होता. सगळे निर्बंध उठायला मार्च २०२२ उजाडलं.

म्हणून तुमच्या अहवालाचं पहिलं पान जागेवर नको, ‘तिकडे जाऊन राहता येईल का’ ह्यावर हवं. आता गोव्याकडे वळतो.

दुसऱ्या डेटा सेंटरचा पहिला नियम असा की पहिल्याचं संकट दुसऱ्यापर्यंत पोचता कामा नये. नकाशावर नवी मुंबई आणि वेर्णा लांब दिसतात, रस्त्याने जवळजवळ ६०० किलोमीटर. पण दोन्ही एकाच समुद्राच्या काठावर आहेत. तौक्ते वादळ आठवा. १६ मे २०२१ ला ते गोव्याच्या किनाऱ्याजवळून गेलं, झाडं विजेच्या तारांवर कोसळली, काही गावांत कितीतरी दिवस वीज नव्हती. दुसऱ्या दिवशी, १७ मे ला, तेच वादळ मुंबईसमोर होतं. म्हणजे एका वादळाने चोवीस तासांत तुमची दोन्ही ठिकाणं गाठली असती, आणि आधी पडलं असतं ते गोवा, ज्याच्या भरवशावर तुम्ही मुंबई सोडणार होतात. भूकंपाच्या बाबतीतही भारतीय मानकाच्या २०१६ च्या नकाशात दोन्ही एकाच गटात, क्षेत्र ३ मध्ये. रिझर्व्ह बँकेने मार्च २०२३ मध्ये स्वतःच्या नव्या डेटा सेंटरची पायाभरणी भुवनेश्वरला केली. तीही किनाऱ्याजवळचीच जागा, पण किनारा पूर्वेचा. नवी मुंबईला पोचलेलं वादळ त्याच दमात तिथे पोचणार नाही.

ह्यावरून गोवा बाद होत नाही. पण गोवा हे तुमचं शेवटचं ठिकाण असता कामा नये. डेटाची तिसरी प्रत दख्खनच्या पठारावर कुठेतरी ठेवावी लागेल. हैदराबाद मला बरं वाटतं, त्याच २०१६ च्या नकाशात ते क्षेत्र २ मध्ये आहे. ती प्रत भाड्याच्या दोन रॅकमध्ये मावते. मालकांना आवडणार नाही, खर्च वाढतो. पण हे सुरुवातीलाच सांगा.

आता अंतराचा दुसरा परिणाम. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. पणजीहून मुंबईला जाऊन परत यायला नुसत्या काचेत सहा मिलिसेकंद लागतात, मधली यंत्रं धरून दहा-बारा. ऐकायला काहीच नाही. पण नवी मुंबईतली प्रत्येक नोंद गोव्यात उमटल्याशिवाय पुढे जायचं नाही असं ठरवलंत, तर एका पेमेंटमागे डेटाबेसमध्ये आठ वेळा लिहिणारी यंत्रणा शंभर मिलिसेकंदांनी मंदावते, आणि तेवढा वेळ त्या नोंदींवरची कुलपं अडकून राहतात, दुसऱ्या व्यवहाराला थांबावं लागतं. महिन्याच्या एक तारखेला रांग लागते. म्हणून एवढ्या लांबवर सगळे जण प्रत मागाहून पाठवतात, दोन-चार सेकंद उशिराने. आता ते दोन-चार सेकंद म्हणजे काय ते बघा.

म्हापशाच्या बाजारात एका बाईंनी आठशे रुपयांची इसवण घेतली आणि क्यूआर स्कॅन केला. त्यांच्या बँकेतून पैसे कापले गेले. तुमच्या स्विचने नोंद केली आणि ती गोव्याला पोचायच्या आत नवी मुंबई गेली. तुम्ही गोव्यातून उभे राहिलात, पण ह्या व्यवहाराचा तुमच्याकडे मागमूस नाही. मासेवाली म्हणते पैसे आले नाहीत, बाई म्हणतात कापले गेले. आता हे सगळं रेकनमध्ये, म्हणजे बँकेच्या आणि यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयच्या फाइली ताडून, निस्तरायचं. रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार दुकानदाराला पोचपावती न मिळालेल्या अशा यूपीआय व्यवहाराचे पैसे व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत आपोआप परत गेले पाहिजेत. त्यापुढे दिवसाला १०० रुपये भरपाई. एका व्यवहाराचे शंभर काहीच नाहीत. गर्दीच्या वेळच्या चार सेकंदांत किती व्यवहार येतात ते तुमच्या लॉगमधून काढा आणि मालकांसमोर तो आकडा ठेवा.

ह्यावर मी वापरलेला उपाय साधा आहे. सगळा डेटाबेस वाट बघत बसवायचा नाही. व्यवहार सुरू होताना त्याची फक्त एक ओळ, म्हणजे क्रमांक, रक्कम, कोणाकडून कोणाला, दोन्हीकडे लिहून झाल्यावरच पुढे जायचं. बाकीचं मागाहून. व्यवहाराला दहा मिलिसेकंद जास्त लागतात, पण नवी मुंबई गेली तरी कोणते व्यवहार अधांतरी राहिले त्याची यादी गोव्यात हातात असते. तुमचा स्विच विकतचा असेल तर हे होईल की नाही ते विकणाऱ्याला विचारावं लागेल, आणि ‘रोडमॅपवर आहे’ हे उत्तर मिळालं तर ते ‘नाही’ समजा.

वेर्ण्याबद्दल माझी मुख्य हरकत मिठाची आहे. गोव्यात राहता म्हणजे घरच्या एसीच्या बाहेरच्या युनिटचं दोन पावसाळ्यांत काय होतं ते तुम्ही पाहिलंय. जाळीला हात लावला की भुगा होतो. तेच मीठ, तोच दमटपणा सर्व्हरच्या बोर्डावर पोचतो. ह्यासाठी एक जुनी, स्वस्त चाचणी आहे. तांब्याची आणि चांदीची छोटी पट्टी एका ठोकळ्यावर लावून महिनाभर जागेत टांगायची, मग प्रयोगशाळेत पाठवून त्यांवर गंजाचा थर किती चढला ते मोजून घ्यायचं. आयएसए ७१.०४ ह्या मानकात सर्वांत सौम्य वर्गासाठी महिन्याला तांब्यावर ३०० अँगस्ट्रॉमपेक्षा कमी आणि चांदीवर २०० पेक्षा कमी थर चालतो.

किनाऱ्यालगतच्या एका जागेत मी जून महिन्यात अशा पट्ट्या लावल्या होत्या, एक हॉलच्या आत आणि एक ताज्या हवेच्या डक्टच्या तोंडाशी. तीस दिवसांनी आतली चांदी किंचित पिवळसर झाली होती. डक्टजवळची काढली तेव्हा जुन्या समईच्या बुडासारखी काळी, आणि तांब्याच्या पट्टीच्या कडेला हिरवट पूड. प्रयोगशाळेचा अहवाल यायच्या आधीच घरमालकाला सांगितलं की ही जागा आम्ही घेत नाही. तो म्हणाला, अहो इथे वीस वर्षं छापखाना चालू होता. असेल. छापखान्याच्या यंत्राला रोज तेल घालतात.

तुम्ही ह्याच पावसाळ्यात, प्लॉटवर काही बांधायच्या आधी, वेर्ण्यात एक आणि फोंडा तालुक्यात कुंडई किंवा बेतोड्याच्या वसाहतीत एक अशा पट्ट्या टांगा. शेड कोणाचीही चालेल, ओळखीने मिळते. माझा अंदाज समुद्रापासून आत सरकण्याच्या बाजूचा आहे, पण पट्टी काय म्हणते ते माझ्या अंदाजापेक्षा खरं. आणि जागा कुठलीही असो, हॉलमध्ये बाहेरची हवा कमीत कमी घ्या, जी घ्याल ती रासायनिक फिल्टरमधून घ्या, आणि दमटपणावर तापमानाइतकंच लक्ष ठेवा. १८ ते २७ अंशांचा पट्टा सगळ्यांना पाठ असतो. पावसाळ्यात रात्री दोनला कोणीतरी माल आत घ्यायला दार उघडं ठेवतं, तेव्हाचा दमटपणा कोणी बघत नाही.

कूलिंगसाठी पाण्यावर अवलंबून राहू नका. ऑगस्ट २०१९ मध्ये कुर्टी-खांडेपारला ओपाची जलवाहिनी फुटली आणि फोंडा-तिसवाडीत ऐन पावसाळ्यात कितीतरी दिवस नळ कोरडे होते, हे तुम्हाला मी सांगायला नको. शंभर किलोवॅटला हवेवर चालणारी यंत्रणा पुरते. वीज थोडी जास्त खाते, खाऊ दे. फक्त बाहेरच्या कॉइलला गंजरोधक लेप कारखान्यातूनच करून घ्या. नंतर इथे आणून मारलेला लेप पहिल्या पावसात सुटतो.

विजेचं आता. गोव्याची स्वतःची मोठी वीजनिर्मिती नाही, वीज बाहेरून येते. तमनार प्रकल्पाची नवी वाहिनी आणि मोलेच्या जंगलाचा वाद सगळ्यांना माहीत आहे, त्यात पडत नाही. तुमच्या कामाचं दुखणं त्याहून खालच्या पातळीवर आहे: सबस्टेशनपासून तुमच्या फाटकापर्यंतचे चार-पाच किलोमीटर. तिथे फणसाची फांदी पडते आणि फीडर, म्हणजे तुमच्याकडे येणारी वीजवाहिनी, ट्रिप होतो. वीज खात्याच्या उपविभागात जा आणि गेल्या दोन पावसाळ्यांत तो फीडर कितीदा आणि किती वेळ बंद होता ते लेखी मागा. वर्तमानपत्रात दुरुस्तीसाठी वीज बंदच्या सूचना येतात, त्यांची कात्रणं ठेवा, त्यात त्या वसाहतीचं नाव किती वेळा येतं ते मोजा. दोन फीडर घेणार असाल तर दोन्ही खरोखर वेगळ्या सबस्टेशनचे आहेत का बघा. वेगळ्या खांबांवरून येऊन मागे एकाच ट्रान्सफॉर्मरला मिळणारे दोन फीडर म्हणजे बिलं दोन आणि वीज एकच.

डिझेलचा हिशोब मी असा करतो. शंभर किलोवॅट यंत्रांना, त्यावर कूलिंग आणि बाकीचं धरून गोव्याच्या हवेत एकूण १७० किलोवॅट. तासाला ४५ लिटरच्या आसपास डिझेल. तौक्तेसारख्या प्रसंगासाठी ७२ तास धरले तर सव्वातीन हजार लिटर. इथे एक अडचण आहे. पेट्रोलियम कायद्यानुसार डिझेलचा साठा २५०० लिटरपर्यंत आणि एकेक भांडं १००० लिटरच्या आत असेल तरच परवाना लागत नाही. म्हणजे तुम्हाला एकतर परवाना काढायचा आहे किंवा साधारण ५५ तासांवर समाधान मानायचं आहे. परवाना काढा. वादळानंतरच्या तिसऱ्या दिवशी टँकर येईल ह्या भरवशावर मी राहणार नाही, कारण त्या दिवशी टँकर हॉस्पिटलकडे जातो आणि तसाच जायला हवा.

जनरेटर बिनलोडचा दर सोमवारी पाच मिनिटं चालवून रजिस्टरवर सही करण्याची पद्धत आहे, ती बंद करा. महिन्यातून एकदा मेन स्विच खरोखर पाडा आणि दोन तास पूर्ण लोड त्यावर ठेवा. पहिल्यांदा करताना हात थरथरतो. माझाही थरथरला होता.

आणखी एक, इथल्या मातीचं. जांभ्यावरची अर्थिंग पावसाळ्यात मोजली तर आकडा सुंदर येतो. तोच आकडा एप्रिल-मे मध्ये जांभा वाळल्यावर कितीतरी चढतो, आणि वळवाच्या विजा नेमक्या तेव्हाच पडतात. कंत्राटदार ऑगस्टमध्ये मोजून बिल लावेल. तुम्ही शेवटचा हप्ता मे महिन्यातल्या मोजणीवर ठेवा.

फायबरच्या बाबतीत मी स्वतः पोळलोय. आमच्याकडे दोन कंपन्यांच्या दोन लाइनी होत्या, दोन करार, दोन बिलं. पेडण्याकडे हायवेच्या कामात जेसीबीच्या एका घासात दोन्ही तुटल्या. दोन्ही कंपन्यांनी एकाच चरातून केबल नेली होती, एकीने तर दुसरीकडूनच भाड्याने घेतली होती. तेव्हापासून मी करारात ‘स्वतंत्र मार्ग’ असं लिहून थांबत नाही. मार्गाचा नकाशा मागतो, आणि एका रविवारी गाडी काढून त्या मार्गाने जातो, चेंबरची झाकणं बघत. गोव्यातून बाहेर पडायच्या वाटा मोजक्या आहेत: उत्तरेला हायवे आणि कोकण रेल्वे, दक्षिणेला कारवारकडे, पूर्वेला चोर्ला आणि अनमोडचे घाट. तुमची एक लाइन उत्तरेची असेल तर दुसरी घाटातून बेळगावकडे चढलीच पाहिजे. घाटात दरडी पडतात हे खरं, पण घाटात दरड आणि पेडण्यात जेसीबी एकाच तासात येणं अवघड.

आता चाव्यांकडे येतो, म्हणजे गुप्त माहिती कुलूपबंद करणाऱ्या आकड्यांकडे. माझ्या मते सगळ्यात जास्त कंपन्या इथे फसतात, आणि इमारतीच्या बजेटमध्ये ह्याची ओळसुद्धा नसते.

पिन आणि कार्डाची गुपितं ज्याच्या पोटात असतात ते एचएसएम यंत्र तुम्ही रोज वापरताच. त्याची मूळ चावी तीन तुकड्यांत असते, तीन माणसांकडे, प्रत्येकाचं कार्ड आणि पिन वेगळं, कोणालाच दुसऱ्याचं माहीत नाही. एका कंपनीत असताना आम्ही नव्या जागेसाठी एक एचएसएम नवी मुंबईत तयार करून, चाव्या भरून, टेम्पोने गोव्याला आणलं. आंबोली घाटातले खड्डे त्याने मोजले असावेत. रॅकमध्ये लावून चालू केलं तर समोर लाल दिवा. आपल्याशी कोणीतरी झटापट केली असं समजून यंत्राने पोटातल्या सगळ्या चाव्या पुसून टाकल्या होत्या. त्यात त्याची चूक काहीच नाही, त्याने तसंच करायचं असतं. आता तिन्ही चावीधारक एकत्र आणून पुन्हा चाव्या भरायच्या. एक तिथेच होता. दुसऱ्याने मुंबईहून सकाळचं दाबोळीचं विमान धरलं. तिसरा चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, सत्तरीतल्या घरी, आणि तिथे मोबाइलला रेंज नाही. गाडी पाठवली. ड्रायव्हर पोचला तेव्हा साहेब गणपतीवरच्या माटोळीला सुपाऱ्यांची शिपटी बांधत होते. बिचारा तसाच गाडीत बसून आला. आल्यावर म्हणाला, माझं कार्ड नियमाप्रमाणे बँकेच्या लॉकरमध्ये आहे. बँक दोन दिवस बंद.

तीन दिवस ते यंत्र लाल दिवा लावून बसलं होतं. ही सगळी चाचणीची तयारी होती म्हणून निभावलं. खरंच गोव्यातून उभं राहायची वेळ असती तर कार्डाचा एकही व्यवहार झाला नसता. त्यानंतर आम्ही चावी पाच जणांत वाटली, कोणतेही तीन पुरतील अशी, त्यातले तीन गोव्यात राहणारे, आणि कार्डं ठेवायला डेटा सेंटरजवळच चोवीस तास उघडता येईल अशी तिजोरी केली. यंत्रं रिकामी आणायची आणि चाव्या इथेच भरायच्या, हाही नियम केला.

कायद्याचं थोडक्यात, कारण हे तुमचा अनुपालन विभाग सांगेलच. पेमेंटचा डेटा भारतातच ठेवण्याचं रिझर्व्ह बँकेचं ६ एप्रिल २०१८ चं परिपत्रक आहे. गोव्याने त्यात काही बिघडत नाही, पण बॅकअप परदेशी क्लाउडच्या चुकीच्या प्रदेशात जात नाही ना ते बघा. सर्ट-इन ह्या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना ६ तासांत कळवायची आणि लॉग १८० दिवस ठेवायचे. नव्या जागेचे लॉगही त्यात आले. पीसीआय डीएसएस ह्या कार्ड-सुरक्षेच्या मानकानुसार हॉलमधल्या कॅमेऱ्यांच्या किंवा प्रवेशाच्या नोंदी किमान तीन महिने ठेवायच्या. बिगर-बँक पेमेंट कंपन्यांसाठी रिझर्व्ह बँकेचे ३० जुलै २०२४ चे सायबर सुरक्षेचे निर्देश आहेत, ते जागा ठरवण्याआधी वाचा, नंतर नको.

मग मी काय करीन? वेर्ण्यात बांधकाम करणार नाही. पट्टीचा निकाल बरा आला तर कुंडई-बेतोडा बाजूला तयार शेड दीर्घ भाड्याने घेईन आणि आत छोटा, घट्ट बंद हॉल करीन. शंभर किलोवॅटसाठी स्वतःची इमारत म्हणजे दोन माणसांसाठी मंगल कार्यालय. वाचलेला पैसा घाटाकडच्या फायबरमध्ये, डिझेलमध्ये आणि हैदराबादच्या तिसऱ्या प्रतीत घालीन. आणि गोवा राखीव म्हणून झोपवून ठेवणार नाही. पहिल्या दिवसापासून रोजचे पाव हिस्सा व्यवहार तिथून जातील असं करीन. रोज काम करणारं यंत्र बिघडलं तर त्याच दिवशी कळतं, झोपलेलं बिघडलं तर गरजेच्या दिवशी. महिन्यातून एकदा सगळं गोव्यावर आणून पूर्ण आठवडा तिथेच राहायचं, सोमवार ते रविवार, सेटलमेंट (बँकांमधला पैशांचा हिशोब मिटवणं) आणि रेकनसह. चाळीस मिनिटांच्या ड्रिलमध्ये दिवसअखेरची फाइल येतच नाही, आणि खरा घोळ त्या फाइलीत असतो.

हे सगळं तुमच्या आकारावर अवलंबून आहे, हेही सांगतो. दिवसाला काही हजारच व्यवहार असतील तर गोव्यात हॉल काढूच नका. दुसरी जागा हैदराबाद किंवा बंगळुरूला भाड्याने घ्या आणि गोव्यात फक्त चोवीस तास चालणारी देखरेखीची टीम बसवा. माणसांच्या बाबतीत गोवा खरंच उजवा आहे. पुण्या-बंगळुरूला गेलेली, परत यायला निमित्त शोधणारी हुशार गोंयकार मुलं मी ह्याच कामासाठी घेतली आहेत आणि ती टिकली आहेत. मालकांना गोव्यासाठी काही करायचं असेल तर ह्यात त्यांचं मन राखलं जाईल.

उलट, तुमची बहुतेक बँक-जोडणी बंगळुरूकडून येत असेल, किंवा नवी मुंबईची जागा दोन-तीन वर्षांत सोडायचा विचार असेल, तर वरची अर्धी गणितं बदलतात. ती माहिती प्रश्नात नव्हती. टाकलीत तर पुन्हा बघतो.

तोवर एक काम उद्याच सुरू करता येईल, त्याला जागा लागत नाही की पैसे लागत नाहीत. तुम्ही ज्या बँकांशी जोडलेले आहात त्यांची यादी काढा, आणि प्रत्येक बँकेच्या नेटवर्क टीमला विचारा की आमच्या नव्या ठिकाणचा आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, तुमच्या फायरवॉलमध्ये नोंदवायला किती दिवस लागतील आणि कोणाची सही लागेल. आमच्या पहिल्या खऱ्या बदलाच्या वेळी सगळं व्यवस्थित उभं राहिलं होतं, फक्त एका बँकेने आमचा नवा आयपी नोंदवला नव्हता, आणि आमचे जवळजवळ एक तृतीयांश व्यवहार त्याच बँकेचे होते. फॉर्म आठ महिन्यांपूर्वी दिला होता. तो कोणाच्या तरी इनबॉक्समध्ये होता. विचारायचं ते चवथीच्या आधी विचारा. नंतर आठवडाभर कोणी फोन उचलत नाही.